दुसरी पेटी कुणाची?



या आठवड्यात गुरुकुंज मोझरीच्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. मात्र त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात, आणि कित्येक विहारांतही, आज उभा आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी देत आहे.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. ताईंचे सासरे भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवीत असत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे निधन झाले. घर दोन खोल्यांचे आणि त्यात दोन पेट्या. एक जुनी, सासऱ्यांनी स्वतःच्या मजुरीतून घेतलेली. तिचा भाता गळतो आणि तीन पट्ट्या बोलत नाहीत. दुसरी नवी, चकचकीत, पार्टीतील सर्वांनी वर्गणी काढून आणलेली. पुढे पार्टी मोडली. कुणी पोटासाठी पुण्याला गेले, कुणी वारले. पेटी मात्र यांच्याच घरी राहिली.

आता मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे आणि पैसे कमी पडतात. ताईंचे यजमान गवंडीकाम करतात. त्यांचे म्हणणे, नवी पेटी विकून टाकू. विहाराचे कार्यकर्ते म्हणतात, एक पेटी विहाराला द्या, दोन ठेवून काय करता? धाकटा दीर म्हणतो, जुनी देऊन वर थोडे पैसे घालू आणि की-बोर्ड आणू. शेजारच्या आजी म्हणतात, "इकून टाक ना वं माय, उंदरं खातील तिले." त्यात एका दुकानदाराने दोन्ही पेट्या पाहिल्या आणि नवीला कमी व मोडक्या जुनीला जास्त पैसे देऊ केले. त्यामुळे ताई अधिकच गोंधळल्या. शेवटी त्या लिहितात, "सासऱ्यांचा जीव त्या पेटीत होता. पण माझ्या लेकीचा जीव शिक्षणात आहे. मी काय करू?"

ताई, तुमच्या या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला आहे. आता तो एकेक धागा सोडवून पाहू.

प्रथम, 'जास्तीची वस्तू' म्हणजे काय, हे ठरवू. विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदेनाच्या राण्यांनी भदन्त आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. इतकी वस्त्रे घेऊन हा श्रमण दुकान मांडणार आहे काय, असे त्याला वाटले. तो स्वतः आनंदांकडे गेला आणि त्याने विचारले, एवढ्या चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीची खोळ. त्या खोळीचे पुढे अंथरूण, अंथरुणाचे पायपुसणे, पायपुसण्याचे फडके, आणि फडके फाटले की त्याच्या चिंध्या चिखलात कालवून त्याने जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या गोष्टीत पाचशे ही संख्या कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण प्रत्येक वस्त्राला पुढचा उपयोग होता. पेटीचेही तसेच आहे. दोन आहेत म्हणून एक जास्तीची, असा हिशेब करू नये. जी कुणी वाजवीत नाही ती जास्तीची. हा नियम लावला तर, ताई, आज तुमच्या घरातल्या दोन्ही पेट्या जास्तीच्या ठरतात. मुलगी थोडी वाजवते असे तुम्ही लिहिता, पण ती शिकायला बाहेर जाणार. आणि तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, ती तुम्ही सहज लिहिली असेल, पण माझी नजर तिथे थांबली. "वर्षावासात आमच्या विहारात बायका नुसत्या टाळ्यांवर गाणी म्हणतात." म्हणजे एका घरात दोन पेट्या मुक्या, आणि चार घरे पलीकडे गाणाऱ्यांना पेटी नाही.

तुम्ही ज्या गावात राहता तिथे हे वेगळे सांगायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि 1968 साली तेथेच त्यांचे निर्वाण झाले. त्यांचा मार्ग आणि आपला मार्ग वेगळा आहे. तरी गाणाऱ्या माणसाला त्यांच्याकडून एक गोष्ट घेता येते. लाकडाच्या कड्यावर ताणलेले कातडे आणि चार झांजा, एवढीच ती खंजिरी. ती रोज हातात होती, म्हणूनच ती गावोगाव ऐकली गेली. वाद्याचे मोल त्याच्या वाजण्यात आहे.

आता दुसरा प्रश्न, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. पेटी कुणाची? जुनी पेटी तुमची आहे. सासऱ्यांच्या कष्टाची आहे आणि वारशाने तुमच्या घरची आहे. तिच्यावर विहाराचा, दुकानदाराचा किंवा शेजारपाजाऱ्यांचा हक्क नाही. एकट्या दिराच्या मनाने तिची अदलाबदल होऊ नये आणि एकट्या यजमानांच्या मनानेही नको. घरातील सर्वांनी बसून ठरवावे, आणि त्यात मुलीलाही बोलू द्यावे.

नवी पेटी मात्र तुमची नाही. ताई, हे लिहिणे मला जड जाते, कारण तुमची गरज खरी आहे. पण वर्गणीतून आलेली वस्तू ज्याच्या घरी ठेवली त्याची होत नाही. त्या वर्गणीत कुणाची एका दिवसाची मजुरी असेल, कुणी बिडीचे पैसे वाचवून दिलेले असतील. पार्टी मोडली तरी त्या पैशाचा हेतू मोडला नाही. भीमगीते गावोगाव जावीत, हा तो हेतू. उद्या ही पेटी विकली आणि त्या पैशात मुलगी शिकली, तरी गावात कुणीतरी म्हणेलच की समाजाची पेटी विकून शिकवली. मुलीने पहिल्या दिवसापासून हे ओझे का वाहावे?

मग तिचे काय करावे? वर्गणी देणाऱ्यांपैकी जे हयात आहेत आणि जे वारले त्यांच्या घरचे, यांना पौर्णिमेला विहारात बोलवा. पुण्याला गेलेल्यांना फोन करा. पेटी समोर ठेवा. सगळ्यांच्या संमतीने ती विहाराच्या महिला मंडळाकडे सोपवा. साध्या वहीत लिहून ठेवा: पेटी कुणी घेतली होती, आज कुणाच्या स्वाधीन केली, दुरुस्ती कोण करणार, लग्नकार्याला वा जयंतीला कुणी नेली तर परत कधी आणायची. खाली पाच-सात सह्या असू द्या. या एका कागदाअभावी आपल्या वस्त्यांत किती भांडणे झाली आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे.

आणि महिला मंडळाकडे का, तर ज्या आज टाळ्यांवर गातात त्यांनाच तिची गरज आहे. मात्र एक अट घाला. पेटी विहाराच्या कपाटात कुलपात राहता कामा नये. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती बाहेर निघाली पाहिजे आणि दोन मुलींनी तरी ती शिकली पाहिजे. कुलपातली पेटी आणि तुमच्या घरातली पेटी यांत मग काही फरक उरणार नाही.

त्याच सभेत तुम्ही मुलीच्या शिक्षणाची अडचणही मोकळेपणाने सांगा. त्यात कमीपणा नाही. लोकांनी आपणहून मदत केली तर ती घ्या. चोरून विकलेल्या पेटीचे पैसे आणि उघड मिळालेली मदत यांत फार अंतर आहे. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू त्यांनी उघडपणे शिक्षणाच्या कामाला दिली. समाजाची वस्तू कशी हलवावी याचा तो धडा आपल्या वऱ्हाडच्याच माणसाने घालून दिला आहे.

आता जुन्या पेटीकडे वळू. दुकानदार तिला जास्त पैसे का देतो, हे तुम्हाला कोडे वाटते. त्याचे उत्तर पेटीच्या पोटात आहे. हार्मोनियम मूळची युरोपातली. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या देबें नावाच्या कारागिराने तिला आकार दिला. तिकडे ती पायाने भाता मारून वाजवीत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास ती हाताच्या भात्यावर आणली, आणि ती आपल्या मांडीसमोर जमिनीवर येऊन बसली. तिचा आवाज निघतो तो पितळेच्या पातळ पात्यांतून. त्यांनाच आपण सूर म्हणतो. गुजरातेतील पालिताणा हे गाव या सुरांसाठी नावाजलेले आहे. पूर्वी काही पेट्यांत जर्मनीहून आलेले सूर बसवीत, आणि जाणकार आजही त्यांना फार मान देतात. तुमच्या पेटीत कोणते सूर आहेत हे न पाहता मी सांगू शकत नाही. पण मोडक्या पेटीला दुकानदार नवीपेक्षा जास्त देतो, तेव्हा त्याने काहीतरी पाहिले आहे, एवढे नक्की. म्हणून पहिल्या भावाला हो म्हणू नका.

असे करा. पेटी अशा कारागिराला दाखवा जो दुरुस्ती करतो पण स्वतः विकत घेत नाही. अमरावतीला एक आणि जमल्यास नागपूरला एक, अशा दोघांना विचारा. त्यांना दोनच प्रश्न करा: दुरुस्तीला किती लागतील, आणि दुरुस्त झाल्यावर पेटी किती किमतीची होईल. पेटी कुणाकडे ठेवायची वेळ आली तर आधी झाकण उघडून सुरांचे फोटो मोबाईलवर काढून घ्या, म्हणजे आतले सूर बदलले जाणार नाहीत.

घरच्या घरीही काही पाहता येते. एकही पट्टी न दाबता भाता हलवा. हवा आत कोंडली तर भाता जड लागतो. हलकाच हलत राहिला तर हवा गळते आहे. ही गळती बहुधा भात्याच्या घड्यांतील कातड्याची किंवा कापडाची असते आणि ती दुरुस्त होते. पट्टी बोलत नसेल तर कित्येकदा सुरात धूळ वा किड्याचे पंख अडकलेले असते. ते कारागीर चटकन काढतो. आपण मात्र सुई-चाकूने सूर खरवडू नये. पाते जरा झिजले तरी सूर कायमचा बदलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड सुकते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून पेटी भिंतीला टेकून वा चुलीजवळ ठेवू नये. भाता बंद करून, आकडा लावून, सुती कापडात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या टाकून उंचावर ठेवावी. आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवावी. न वाजणाऱ्या पेटीत झुरळे आणि उंदीर संसार मांडतात. शेजारच्या आजींचे बोलणे त्या अर्थाने खरे आहे.

दिरांच्या की-बोर्डाचा विचारही टाकाऊ नाही. आजच्या तरुणांना तो आवडतो, मोठ्या कार्यक्रमांत तो लागतो, आणि त्यावर रोजी मिळवणारे कितीतरी कलावंत आपल्या समाजात आहेत. दिरांना ते शिकून कमाई करायची असेल तर त्यांनी जरूर शिकावे. पण त्यासाठी जुनी पेटी देऊ नये. अदलाबदलीत दुकानदार जुन्या वस्तूचा भाव पाडतो आणि नव्याचा चढवतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. शिवाय की-बोर्डाला वीज हवी आणि त्याची किंमत वर्षागणिक उतरते. चांगल्या सुरांची पेटी जपली तर टिकते. एक वस्तू विकायची असेल तर रोख विकावी. दुसरी घ्यायची असेल तर वेगळी घ्यावी. दोन्ही व्यवहार एकत्र करू नयेत.

पेटीला जुनाट म्हणून हिणवणाऱ्यांना आणखी एक सांगावे. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली हार्मोनियमला मज्जाव केला. अभिजात संगीताला ती योग्य नाही, तिच्यातून मींड निघत नाही, असे मोठमोठ्यांचे म्हणणे होते. ती बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडले. या एकतीस वर्षांत पेटी कुठे होती? ती तमाशात होती, कीर्तनात होती, आणि आंबेडकरी जलशात होती. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसेकार 1930 नंतरच्या काळात याच वाद्यांच्या साथीने बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेत होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. आपल्या वाडवडिलांनी घरातले देव विसर्जित केले, जुनी भजने सोडली. पण ढोलकी आणि पेटी कुणी फेकली नाही. तिच्यावर नवे शब्द चढवले. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वाद्याचा विटाळ आपल्या चळवळीने कधी मानला नाही.

मग एवढी मोलाची जुनी पेटी विकावी की नाही? ताई, आधी मुलीच्या फीचा हिशेब कागदावर मांडा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण खात्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. 1990 च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर बौद्ध कुटुंबांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेले बँक खाते आताच तयार ठेवा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही, म्हणून प्रवेश कोणत्या कोट्यातून होतो ते पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. महाविद्यालय शिष्यवृत्तीला पात्र आहे की नाही, तेही पाहा. हे सारे झाल्यावर खरी तूट किती उरते ते कळेल. कदाचित ती पेटीच्या किमतीहून कमी निघेल.

तूट तरीही उरली आणि दुसरा मार्ग नसला, तर जुनी पेटी विका. मनाला लावून घेऊ नका. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला, आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. सासऱ्यांनी पेटी घेतली तेव्हा हा हिशेब त्यांच्या मनात नसेलही, पण नातीच्या शिक्षणाच्या वेळी ती कामाला आली तर त्यांच्या कष्टाचा तो सदुपयोगच आहे. ज्यांनी आयुष्यभर 'शिका' हा संदेश गाण्यातून सांगितला, त्यांची पेटी नातीच्या शिकण्याच्या आड यावी, हे त्यांनाच आवडले नसते. विकताना मात्र शक्य तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाला विका, चार पैसे कमी आले तरी चालेल. आणि तूट उरली नाही, तर ती दुरुस्त करून घ्या आणि शिकणाऱ्या मुलींना सरावाला द्या. विहारातल्या पेटीशी तिचा सूर कदाचित जुळणार नाही, कारण जुन्या पेट्यांची पट्टी थोडी उतरलेली वा चढलेली असते. दोन्ही एकत्र वाजवण्यापेक्षा एक कार्यक्रमाला आणि एक सरावाला, हेच बरे.

आता जे विकू नये ते सांगतो. पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे की सासऱ्यांच्या गाण्यांच्या चार वह्या ट्रंकेत आहेत. ताई, पेटी गेली तरी पेटी पुन्हा मिळेल. वही रद्दीत गेली तर ती गाणी पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नसतील. लोककवी वामनदादा कर्डक 1922 साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मले आणि 2004 साली गेले. त्यांनी हजारो गाणी रचली, आणि त्यांतली कितीतरी गायकांच्या वह्यांतून आणि कंठांतून गोळा करावी लागली. एवढ्या मोठ्या कवीची ही गत, तर गावोगावच्या अनाम शाहिरांचे काय झाले असेल? तुमच्या सासऱ्यांच्या वहीत त्यांची स्वतःची रचना असेल, एखाद्या विसरलेल्या शाहिराची असेल, मोझरी-तिवसा भागातल्या एखाद्या जयंतीची हकीकत असेल.

मुलीला सांगा, शिकायला जाण्यापूर्वी वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ. आणि पार्टीतले जे म्हातारे साथीदार अजून आहेत त्यांना सभेच्या दिवशीच दोन-चार गाणी म्हणायला लावा. जुनी पेटी समोर ठेवा, तीन पट्ट्या मुक्या असल्या तरी चालतील. मोबाईलवर आवाज भरून घ्या. कागदावर शब्द राहतात पण चाल राहत नाही. चाल त्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातच आहे, आणि त्यांचे वय कुणासाठी थांबणार नाही.

तेव्हा, ताई, माझा सल्ला असा. नवी पेटी सर्वांच्या सह्यांनिशी महिला मंडळाला द्या. जुनी पेटी दोघा कारागिरांना दाखवा, शिष्यवृत्तीचा हिशेब करा, आणि मगच ठेवायची की विकायची ते मुलीसह घरात बसून ठरवा. की-बोर्डाशी बदलू नका. वह्या मात्र कुणालाही देऊ नका, मागणाऱ्याला फोटो द्या. ही कामे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी करा, कारण घाईत विकलेल्या वस्तूला भाव येत नाही.

इतर वाचकांनीही आपापल्या विहारातले कपाट एकदा उघडून पाहावे. एखादी ढोलकी, एखादी पेटी, एखादा डफ तिथे वर्षानुवर्षे पडून असेल. तो कुणाचा आहे ते विचारा, आणि आज कुणाला हवा आहे तेही विचारा. मोझरीच्या मुलीला पुढील शिक्षणासाठी आपल्या सर्वांच्या वतीने मंगल कामना.

जयभीम!